पोटातलं दुखणं थांबलं तो दिवस

माझ्या पोटावर उजव्या अंगाला वीतभर लांब व्रण आहे. नळी घातली होती तिथे अजून खळगा आहे, त्यात करंगळीचं टोक बसतं. बोटीवर नवा माणूस आला आणि मला उघड्या अंगाने आंघोळ करताना त्याने पाहिलं की तो विचारतोच. मी त्याला अर्धी हकीकत सांगतो. भर समुद्रात बोट थांबवली, आरामखुर्चीला बांधून मला खाली सोडलं, कोळ्यांनी किनाऱ्याला नेलं, डॉक्टरांनी वाचवलं. ऐकणारा मान हलवतो आणि कामाला लागतो.

उरलेली अर्धी मी सांगत नाही. ती इथे लिहितो आहे. मी पाचवीतून शाळा सोडलेला माणूस, लिहिण्यात चुका असतील त्या सांभाळून घ्याव्यात. पण कुणाच्या घरी कुणाचं पोट दुखत असेल तर त्यांनी हे शेवटपर्यंत वाचावं.

बोट आणि धाकूकाका

माझं गाव जामखेडच्या बाजूला. समुद्रापासून इतकं लांब, की मीठ कुठून येतं हे आमच्याकडे कुणी विचारत नाही. वडील गेले, थोरल्या भावाने शेत घेतलं, आणि मी मुंबईला आलो. गोदीतल्या एका गाववाल्याच्या ओळखीने कोकणच्या प्रवासी बोटीवर भंडाऱ्याच्या हाताखाली लागलो. बोटीवर स्वयंपाक्याला भंडारी म्हणतात.

स्वातंत्र्य मिळून आठ-नऊ वर्षं झाली होती. कोकणात जायला अजून धड रस्ता झालेला नव्हता, पावसाळा सोडला तर माणसं बोटीनेच जात. बोट किनाऱ्याला लागत नसे. लांब उभी राहून शिटी करी, मग किनाऱ्यावरून पडाव, म्हणजे मोठ्या होड्या, यायचे आणि माणसं, ट्रंका, कोंबड्या सगळं उतरवून न्यायचे. बोटीवर डॉक्टर नव्हता. औषध म्हणून आयोडीनची बाटली, कापूस आणि धाकूकाका.

धाकूकाका म्हणजे आमचा भंडारी. म्हसळ्याच्या आतल्या बाजूचा, भातशेतीच्या घरातला, साठीला आलेला. पहिल्या खेपेला मी ओकून ओकून अर्धा झालो तेव्हा त्याने माझं कपाळ धरलं होतं. म्हणाला, "पयल्या खेपेला दर्या पोटातलं मागून घेतोच. दे त्याला." खलाशी मला घाटी म्हणून चिडवत. काकाही घाटीच म्हणायचा, पण 'माझा घाटी' म्हणायचा. भात कसा वेळावा, हलत्या बोटीत उकळतं पातेलं कसं धरावं, हे सगळं त्याने शिकवलं.

आणि त्याचा हात प्रसिद्ध होता. कुणाची बेंबी सरकली की धाकूकाकाकडे जायचं. खलाशांचा मुकादम सारंग, त्याच्यापासून सगळे जायचे, आणि बरे व्हायचे. हे मी खोटं सांगत नाही. साधी पोटदुखी त्याच्या हाताने खरंच बरी व्हायची. म्हणून तर सगळं झालं.

तांब्या

दुखणं बेंबीपाशी सुरू झालं. बोट मुंबईच्या धक्क्याला होती. मी कुणाला बोललो नाही. आजारी माणसाला उतरवलं की त्याच्या जागी दुसरा येतो, आणि दुसरा आला की तो जात नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. माझ्या घाबरटपणाला तेवढं पुरे होतं. दुसऱ्या दिवशी दुखणं उजव्या अंगाला खाली सरकलं, अंगात कणकण आली. मी कांद्याची टोपली वाकून उचलायच्या ऐवजी पायाने ओढत होतो. ते काकाने पाहिलं.

"बेंबी सरकली रं तुजी," तो म्हणाला. "परवा पाण्याचं पिंप एकट्यानं उचललंस न्हवं?"

उचललं होतं. त्यामुळे मलाही पटलं.

पिठाच्या पोत्यांवर त्याने मला उताणं झोपवलं. दोन्ही पायांच्या अंगठ्यांना सुताचा दोरा बांधला. बेंबीवर पैसा ठेवून त्यावर वात पेटवली आणि वर पितळेचा तांब्या पालथा घातला. वात विझली, तांब्याने पोट आत ओढून घेतलं. तो उपटला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. मग गरम तेल. उजव्या अंगाला एक गोळा हाताला लागत होता. काका म्हणाला, हीच ती सरकलेली गाठ. अंगठ्याने तो ती बेंबीकडे ढकलत राहिला. मी तोंडात पंचा धरला होता. खलाशी भोवती उभे राहून धीर देत होते, एकाने माझे पाय धरले होते. वाईट चिंतणारा तिथे एकही नव्हता. शेवटी काळ्या चहातून एरंडेल दिलं. काका म्हणाला, "कोठा साफ झाला की ती परत सरकत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी बोट निघाली. मी कसाबसा चहाचे कप विसळत होतो. खांदेरीचा दिवा डाव्या हाताला आला, आणि दुखणं थांबलं.

कमी झालं असं नाही. थांबलं. फिरतं जातं बंद पडावं तसं एकदम. मी सरळ उभा राहिलो. दोन दिवसांनी पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला. मी हसलो, काका हसला, आणि आनंदाने त्याने सगळ्यांसाठी शिरा टाकला. मीही दोन घास खाल्ले. सारंग म्हणाला, "भंडारी, तू डॉक्टरकीच कर, तुझ्या आमटीपरीस बरी." आयुष्यात इतका हलका मी कधी झालो नव्हतो.

तो अर्धा-पाऊण तास मला अजून आठवतो, आणि आठवला की घाम फुटतो.

आरामखुर्ची

वरच्या वर्गाच्या माणसांना चहा न्यायचा होता. तबक हातात घेतलं आणि कप वाजायला लागले. मला वाटलं बोट हलते आहे. मग कळलं, हात हलतो आहे. हुडहुडी भरली. पोट सगळीकडून दुखायला लागलं आणि फळीसारखं कडक झालं, काका बोट लावायला गेला तर मी त्याचा हात झटकला. ओठ निळे पडले होते असं नंतर खलाशांनी सांगितलं.

कप्तान खाली आला. त्याने नाडी पाहिली, पोटाकडे पाहिलं, काकाकडे पाहिलं. बोट तेव्हा रेवदंड्यासमोर होती, कोरलईचा डोंगर स्पष्ट दिसत होता. मुंबईला परतायला तीन तास, श्रीवर्धन तितकंच पुढे. रेवदंड्याहून मोटारीने अलिबागचा मोठा दवाखाना तासावर. कप्तानाने मला विचारलं, उतरशील का. मरायला टेकलेला माणूस काय बोलेल असं तुम्हाला वाटतं? मी म्हणालो, "साहेब, माझी जागा जाईल."

तो म्हणाला, "जागा मी ठेवतो. तू आधी जिवंत राहा."

आमची बोट रेवदंड्याला थांबत नसे, म्हणून पडाव तयार नव्हते. कप्तानाने शिटीवर शिटी केली. जवळच एक कोळी होडी बोंबलाचं जाळं ओढत होती, ती आली. आता मला खाली कसं उतरवायचं? शिडीवरून मी उतरणं शक्य नव्हतं. वरच्या वर्गात एक बाई कापडी आरामखुर्चीत बसल्या होत्या. त्या कुणी सांगायच्या आत उठल्या आणि खुर्ची स्वतः ओढत आणली. चादरींनी मला त्या खुर्चीला बांधलं आणि सामान उतरवायच्या कप्पीने खाली सोडलं.

सगळी बोट बघायला एका अंगाला लोटली आणि बोट कलायला लागली. सारंग शिव्या देत माणसांना मागे ढकलत होता. मी अधांतरी लोंबत होतो आणि वरून बोलणं ऐकू येत होतं. एकाने विचारलं, मेला का? दुसरा म्हणाला, अजून नाही, डोळे हलतात.

काका कठड्याला धरून वाकला होता. माझ्या कपड्यांचं गाठोडं त्याने होडीत टाकलं आणि ओरडून सांगितलं, "भिऊ नको रं. बेंबी जाग्यावर हाय आता."

रेवदंडा

होडीचा मालक पांडू नाखवा. त्याने मला ओल्या जाळ्यांवर ठेवलं. खाली बोंबील होते, त्यांचा थंडपणा पाठीला बरा वाटला. त्याचं अर्धं जाळं पाण्यातच होतं, ते सोडून तो निघाला, हे मला फार दिवसांनी कळलं. मी त्याला विचारलं, जाळं परत मिळालं का. तो म्हणाला, "दर्या कुठं पलून जातो?" मिळालं की नाही ते आजतागायत सांगितलं नाही.

किनाऱ्यावर काठ्यांवर बोंबील वाळत घातले होते. तिथे त्याची बायको हिराबाय बाकीच्या बायकांबरोबर काम करत होती. तिने मला पाहिलं, हात साडीला पुसले आणि विचारलं, "तुजी आय कुठं हाय रं बाला?"

मी म्हटलं, लांब.

"मंग तवर मी हाय," ती म्हणाली. "डोले मिटू नको."

खाटेवर घालून एस.टी.पर्यंत नेलं. मागच्या बाकांवरची माणसं उठली, मला आडवं केलं, माझं डोकं तिच्या मांडीवर. ड्रायव्हरने गाडी कुठेच थांबवली नाही. चौलला उतरणारा एक गृहस्थ कुरकुरला, की आता मी अलिबागहून चालत यायचं का. हिराबाय त्याच्याकडे न बघता म्हणाली, "तुजे पाय धड हायेत ना? मंग देवाचं नाव घे आन गप बस." पुढे तोच माणूस माझे पाय धरून बसला होता, खड्ड्यात आपटू नयेत म्हणून. त्या रस्त्याचा एकेक खड्डा माझ्या पोटाने मोजला आहे.

दवाखाना

डॉक्टरांनी पोटाला नुसता हात टेकवला आणि विचारलं, "हे चोळलंय कुणी? जुलाब दिला होता का?"

मी म्हणालो, मीच एरंडेल घेतलं, मीच चोळलं. पोटावर तांब्याचा गोल लाल वळ होता. डॉक्टरांनी तो पाहिला आणि ऑपरेशनची तयारी करायला सांगितलं.

तोंडावर फडकं आलं, गोड घाण वास आला, आकडे म्हणायला सांगितले. मला वीसपर्यंतचे पाढे येत होते पण सात-आठाच्या पुढे गेलो नाही.

नंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. तहान आठवते. पाणी द्यायची मनाई होती. सिस्टर ओल्या कापसाने ओठ पुसायची, तो कापूस मी दातात धरायचो, ती हळूच ओढून घ्यायची. पोटातून रबरी नळी बाहेर काढलेली, तिच्यातून पू यायचा. त्याची घाण मला स्वतःला सहन होत नसे. सुया उकळायच्या भांड्याचा आवाज आला की मी आधीच आखडायचो. शेजारच्या खाटेवर पेणच्या बाजूचा एक मिठागरातला माणूस होता. पायाला लोखंड लागून धनुर्वात झालेला. मला शुद्ध आली तेव्हा तो जिवंत होता. एका सकाळी त्याच्या खाटेभोवती पडदा लावला, दुपारी काढला, आणि गादी उन्हात टाकलेली दिसली. तेव्हापासून सिस्टर पडद्याला हात लावायला गेली की मी तिला विचारायचो, कुणासाठी? ती म्हणायची, "तुझ्यासाठी नाही, झोप."

पाणी चालू झाल्यावर हिराबाय एक दिवसाआड पेज घेऊन यायची. रेवदंड्याहून, डबा फडक्यात गुंडाळून. सिस्टर म्हणायची, मावशी, तुमच्याबरोबर सगळा मासळीबाजार आत येतो. हिराबाय म्हणायची, त्या वासानं तो जित्ता झाला, तुमच्या औषधानं न्हाय. दोघी हसायच्या. मला हसवत नसे, टाके दुखायचे.

एक दिवस डॉक्टर खाटेवर बसले. असे ते बसत नसत. म्हणाले, तू खोटं बोललास ते मला कळलंय, नाव विचारत नाही. मग त्यांनी समजावलं. आतड्याला एक शेपटी असते, ती सुजली होती, तिच्यात पू झाला होता. गळू पिकलं की ठणकतं आणि फुटलं की ठणका थांबतो, हे तुला माहीत आहे ना? बाहेर फुटलं तर पू बाहेर जातो. तुझं आत फुटलं. चोळून आणि एरंडेल देऊन फोडलं.

मी विचारलं, दुखणं थांबलं होतं ते?

"तेच," ते म्हणाले. "तेव्हाच तू मरायला लागला होतास."

जाताना त्यांनी माझ्याकडून कबूल करून घेतलं. ज्याने हे केलं त्याला सांगायचं. पोट दुखतंय, अंगात ताप आहे, उजवीकडे हात लावू देत नाही, तर चोळायचं नाही आणि जुलाब द्यायचा नाही. "तुझा जीव वाचला, पुढच्याचा वाचेल असं नाही. सांगशील?"

मी म्हणालो, सांगेन.

आई आली

सिस्टरने माझ्या घरी पत्र टाकलं होतं. अकराव्या दिवशी आई आणि थोरला भाऊ आले. आईने समुद्र कधी पाहिला नव्हता. दवाखान्याच्या वाटेवर तो दिसतो. आत आल्यावर माझ्या तोंडावरून हात फिरवून झाला, रडून झालं, मग तिने हळूच विचारलं, "हे एवढं पाणी कुणाचं रे?"

भाऊ खाटेपासून लांब उभा होता. तो रागावला होता, आणि राग भीतीचा होता हे मला आता कळतं. म्हणाला, आपल्याकडे विहिरीला पाणी नाही म्हणून इथं बुडायला आलास काय. सुगी टाकून आलोय. त्याचं खरं होतं. आई म्हणाली, त्याला बोलू नको, दिसतोय का तुला, केवढासा राहिलाय तो.

त्याच दिवशी धाकूकाका आला. बोटीवरून दोन दिवसांची सुटी काढून, शहाळी घेऊन. मी पडलो होतो तेव्हापासून त्याने दाढी केली नव्हती. सिस्टरच्या पत्रात मीच लिहायला सांगितलं होतं, की बोटीवर धाकूकाका बापासारखा माझं करतो. आईला कळलं हाच तो. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

काका अवघडला. पाय मागे घेत म्हणाला, "म्या काय केलं, माय? निसता हात फिरवला. देवानं वाचवला."

तेव्हा बोलायचं होतं. डॉक्टरांना दिलेला शब्द ताजा होता. काका समोर होता. पण आई त्याच्या पायाशी, काकाच्या डोळ्यांत पाणी, आणि ज्या माणसाने माझं कपाळ धरलं होतं त्याला मी सांगायचं की तू मला मारत होतास. मी डोळे मिटले आणि झोपेचं सोंग घेतलं. मनाशी म्हटलं, बोटीवर गेल्यावर सांगू.

दवाखान्यातून सुटी मिळाली तरी गावापर्यंतचा प्रवास झेपणार नव्हता. आई परत गेली, भाऊ आधीच गेला होता. मी महिनाभर हिराबायच्या पडवीत राहिलो. त्या घराने मला कधी पाहुणा म्हटलं नाही. त्याबद्दल लिहायला बसलो तर वेगळंच लिखाण होईल, म्हणून एवढंच.

पुढचा हंगाम

पावसाळा संपला, बोट सुरू झाली. कप्तानाने जागा ठेवली होती. काका मला पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू देत नसे. मी बोललो नाही. एक खेप झाली, दोन झाल्या. चांगल्या माणसाला वाईट सांगायला चांगला दिवस सापडत नाही.

उलट त्याचं नाव आणखी झालं होतं. नव्या माणसांना तो माझ्याकडे बोट दाखवून सांगायचा, "हा बघा. मेलेला व्हता. बेंबी बसवली म्हणून अलिबागपातुर टिकला." आणि मी मान खाली घालून बटाटे सोलायचो.

मग एक तरुण बाई बोटीवर आली. श्रीवर्धनला उतरणारं जोडपं, लग्नाला वर्ष झालेलं. तिला दोन दिवस पोटात दुखत होतं, अंगात ताप होता, उजवा पाय पोटाशी घेऊन ती ट्रंकेला टेकली होती. कुणीतरी काकाचं नाव सांगितलं. तिचा नवरा शंकर स्वयंपाकघराच्या दाराशी आला. काकाने नेहमीप्रमाणे मला पुढे केलं. त्या माणसाने मला सरळ विचारलं, "खरंच थांबतं का हो दुखणं?"

मी म्हणालो, "माझं थांबलं होतं."

हे शब्द खरे आहेत. मी आयुष्यात यापेक्षा मोठं खोटं बोललो नाही.

परक्या बाईच्या अंगाला काका हात लावणार नव्हता. साडीचा आडोसा धरला, एक म्हातारी चोळायला तयार झाली, आणि काका पलीकडून सांगत गेला, तेल किती, अंगठा कुठे. एरंडेल त्याने दिलं. ती ओरडली नाही. मध्ये मध्ये नुसत्या बांगड्या वाजायच्या. मी तिथून निघून मागच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

श्रीवर्धन यायच्या आधी तिचं दुखणं थांबलं. पडावात उतरताना ती स्वतःच्या पायाने शिडीपर्यंत चालत आली. काकाकडे बघून हसली. ते हसू मी ओळखलं. तसं मी खांदेरीसमोर हसलो होतो. अजूनही मला तिच्या नवऱ्याला हाक मारता आली असती. शिडीपाशी मी त्याच्यापासून चार हातांवर होतो. पडाव सुटला, लांब गेला, आणि मी बघत राहिलो.

पुढच्या खेपेला पडाववाल्याने सांगितलं. ती चौथ्या दिवशी गेली.

सांगितलं ते

मी त्याच दुपारी काकाला सांगितलं. तो तांदूळ निवडत होता. डॉक्टर जे बोलले ते सगळं सांगितलं, गळवाचं, एरंडेलाचं, थांबलेल्या दुखण्याचं. त्याने सूप मांडीवरून खाली ठेवलं.

"तुला कवा कळलं हे?"

"अलिबागला. आई यायच्या आधी."

त्याने सुपातला एक खडा उचलून बाहेर टाकला. मग म्हणाला, "म्हंजी तुजी आय माझ्या पाया पडली, तवा तुला म्हाईत व्हतं. आन तू तिला पडू दिलंस."

शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

दोन-तीन खेपांनंतर शंकर मुंबईला जायला बोटीत चढला. डोकं भादरलेलं, केस नुकते खुरटे आलेले. स्वयंपाकघरात येऊन त्याने नारळाची जोडी फळीवर ठेवली. काकाला म्हणाला, ती वाचली नाही, पण बोटीवर तिला तेवढे दोन घटका आराम पडला. ती घरी गेल्यावरही तुमचं नाव काढत होती. मला वाटलं, काका मान हलवील. मी असतो तर हलवली असती.

काकाने त्याला पिठाच्या पोत्यावर बसवलं. स्वतः समोर खाली बसला. "तो आराम न्हवता, बाबा," तो म्हणाला. "आत फुटलं तिचं, म्हणून थांबलं. म्या फोडलं. मला म्हाईत न्हवतं. पण फोडलं म्याच."

शंकर माझ्याकडे वळला. "आणि तुम्हाला? तुम्हाला ठाऊक होतं?"

मी हो म्हणालो.

तो उठला. मारील असं वाटलं, मी मागे सरलो नाही. तो बाहेर गेला आणि मुंबई येईपर्यंत कठड्याला धरून उभा राहिला. त्याला चहा न्यायची माझी हिंमत झाली नाही, काकाने नेला. त्याने तो घेतला नाही. नारळ परत नेले नाहीत. काकाने ते फोडू दिले नाहीत, की समुद्रात टाकू दिले नाहीत. हंगामभर ते फळीवर होते. बोट हलली की एकमेकांवर आपटायचे. आम्ही दोघं काम करत असलो की तेवढाच आवाज असायचा.

काकाने पुन्हा कुणाच्या पोटाला हात लावला नाही. त्याचा तो तांब्या आता पिण्याच्या पाण्याच्या पिंपावर असतो. कुणी पोट धरून आला की काका त्याला कपाळाला हात लावून ताप बघतो, आणि सरळ कप्तानाकडे जातो. शिटी करा म्हणतो, जिथे असू तिथे. एकदा नाही, तीनदा असं झालं. त्यातले दोघं वाचले. एकाला नुसतंच अजीर्ण होतं, तो फुकट उतरवलं म्हणून काकाला शिव्या देऊन गेला. काका म्हणाला, देऊ दे, शिव्या द्यायला जित्ता तर हाय.

वाचणाऱ्यांना माझं मागणं एवढंच. पोट दुखतंय, ताप आहे, उजवीकडे हात लावू देत नाही, तर चोळू नका, तांब्या लावू नका, एरंडेल देऊ नका. मिळेल त्या वाहनाने डॉक्टरकडे न्या. आणि दुखता दुखता एकदम थांबलं, तर हसू नका. पळा.

हे कुठे छापून आलं तर थोरला भाऊ आईला वाचून दाखवील, तिला वाचता येत नाही. ती अजून प्रत्येक पत्रात लिहायला लावते, त्या म्हाताऱ्याला माझा नमस्कार सांग. मी दरवेळी सांगतो. काका दरवेळी काम थांबवतो, आणि मग पुन्हा करायला लागतो.

आई, त्या दिवशी मी जागा होतो.